वरचं गाव, खालचं गाव: भूगोलामुळे भांडणं का होतात नि समझोते कसे होतात, हे सहावी ते आठवीला शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याच्या पूर्व भागात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात, भूगोल आणि इतिहास शिकवते. हा टॉपिक मी गेली काही वर्षं सातवीला घेते आणि दरवर्षी इतर शाळांतले शिक्षक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सातवीच्या पोरांना हे झेपतं का? लवाद, करार वगैरे जड नाही होत?

लवाद (वाद मिटवायला नेमलेला तिऱ्हाईत) हा शब्द जड आहे, गोष्ट जड नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. तो वस्तीच्या वरच्या टोकाला थांबतो कारण खालच्या बोळात वळतच नाही. मी वर्गात नुसतं विचारलं की टँकर आला की पहिली घागर कुणाची, तर पंधरा मिनिटं मला बोलायलाच मिळालं नाही. खालच्या बोळातला एक पोरगा म्हणाला, "बाई, आम्ही आदल्या रात्रीच रिकामी भांडी लायनीत ठेवतो, पण सकाळी ती मागं सरकलेली असतात." झालं, त्यात सगळं आलं, चढ-उतार, रस्त्याची रुंदी, कुणाचं घर कुठं, नियम कुणी केला आणि तो मोडला कुणी. याला मोठं केलं की नदीचं खोरं होतं. पोरांना हे आधीच माहीत असतं, आपण फक्त त्याला नकाशा जोडून द्यायचा.

सुरुवात कुठून करायची? नाईल, सिंधू अशी मोठी उदाहरणं घ्यायची की गावातूनच?

गावातून. नाईल पहिल्या दिवशी काढली की पोरं पाठ करायला घेतात, इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा, संपलं.

मी कृष्णेपासून सुरू करते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पासष्ट किलोमीटर, पण ती त्या बाजूला जात नाही, ती वळून पूर्वेला निघते आणि साधारण १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, वाटेत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. का? तर सह्याद्रीची धार पश्चिमेला कड्यासारखी तुटलेली आणि पूर्वेला हळूहळू उतरती. हे मी जुन्या चादरीवर दाखवते, चादरीची एक बाजू बेंचवरून खाली सोडायची, दुसरी लांब पसरायची आणि वर स्प्रेने पाणी मारायचं. (चादर घरून आणताना सासूबाईंना विचारून आणा, अनुभव आहे.)

मग पावसाचे आकडे फळ्यावर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवर आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा. ढग तेच, पण डोंगर चढतानाच मोकळे होऊन आलेले. पोरं आकडे वहीत लिहितात आणि मग कुणीतरी विचारतंच, "मग तिकडचं पाणी इकडं आणत का नाहीत?" आणतात की, उरमोडी, जिहे-कठापूर या पाणी योजनांची नावं आमच्या पोरांना सिनेमाच्या नावांसारखी पाठ आहेत. पण आणायचं म्हणजे उपसा, पंप, वीजबिल, आणि मध्ये ज्यांच्या शिवारातून कालवा जातो ते म्हणणार आधी आम्हाला. इथून पुढे गाडी आपोआप चालते.

तुमचा तो चिंचोक्यांचा खेळ नक्की कसा घेता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पाच बेंच एकामागे एक, प्रत्येक बेंच म्हणजे एक गाव, फळ्याजवळचा बेंच नदीच्या उगमाला. मी पहिल्या बेंचला ६० चिंचोके देते, हे वर्षाचं पाणी. ज्वारी लावायची तर ८ लागतात, ऊस लावायचा तर २०. आपल्याला हवे तेवढे घ्या, उरलेले मागे द्या. बोलायचं नाही, एवढाच नियम.

पहिल्या फेरीत नव्वद टक्के वेळा काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल, पहिले तीन बेंच ऊस लावतात आणि चौथ्या-पाचव्याच्या हातात हवा येते. दुसऱ्या फेरीत ३० च चिंचोके, दुष्काळ. आता पहिल्या बेंचवरचं पोर जरा मागे वळून बघतं, पण तरी बहुतेक वेळा २० घेतंच. मागे आरडाओरडा. मी काही बोलत नाही.

तिसरी फेरी मी मुद्दाम घालते. आता १५० चिंचोके आणि नियम असा की कुठल्याही गावाकडे ३० पेक्षा जास्त साठले की ते गाव बुडालं. आता चित्र उलटं होतं, वरची गावं पटापट खाली ढकलतात आणि शेवटच्या बेंचवरची पोरं ओरडतात की थांबा थांबा, धरून ठेवा. आत्ताच जी पोरं "सोडा" म्हणत होती तीच "सोडू नका" म्हणतात. हा क्षण सोडू नका, इथे दोन मिनिटं गप्प बसा. १५० ला पाच गावांनी भागलं तर बरोबर ३० येतात, म्हणजे सगळ्यांनी आपापला वाटा धरला तर कुणीच बुडत नाही, हे गणित कुणाच्या तरी डोक्यात येतंच, फक्त उशिरा येतं.

चौथ्या फेरीआधी दहा मिनिटं बोलायची परवानगी. काय ठरवतात ते दरवर्षी वेगळं असतं. एका वर्षी पाळी लावली, एका वर्षी पहिल्या बेंचवर मागच्या बेंचचा एक माणूस बसवला, मोजायला. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं भाऊ कलिंगड कापतो आणि शेवटची फोड त्याची, तसं करू, वाटणारा शेवटी घेणार." वर्गाने मान्य केलं. आणि पहिल्या बेंचचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण आत्तापर्यंत ते 'वर' आहेत हेच त्यांचं भांडवल होतं.

खेळ झाला, मग खरी उदाहरणं कुठली?

कृष्णेचंच पुढे नेते. पाण्यावरून तीन राज्यांत वाद, १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला, १९७३ ला निवाडा आला. २०६० टीएमसी पाणी धरलं, त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, तेव्हाच्या आंध्रला ८००. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, याचं गणित पोरांकडूनच करून घ्या, लिटरमध्ये साधारण २८३० कोटी येतं, शून्य मोजताना मजा येते.

इथे आमची पोरं चिडतात. नदी आपल्याकडे जन्मते आणि सगळ्यात कमी आपल्याला? चांगला प्रश्न आहे, उत्तर देऊ नका लगेच. आधी विचारा की खाली कोण कधीपासून हे पाणी वापरतंय. विजयवाड्याजवळ कृष्णेवर १८५० च्या दशकातच बंधारा झाला होता, तिथल्या त्रिभुज प्रदेशातली भाताची शेती त्यावर उभी. लवादाने आधीपासून चालू असलेल्या वापराला संरक्षण दिलं. म्हणजे 'आमच्या डोंगरावर पडलं म्हणून आमचं' हा एक दावा झाला आणि 'आम्ही आधीपासून वापरतोय' हा दुसरा, आणि दोन्ही ऐकायला रास्तच वाटतात. सातवीच्या पोराला एवढं कळलं तरी मी खूश.

पुराचं उदाहरण म्हणजे सांगली, ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्याच्या फुगवट्यामुळेच, म्हणजे धरणामागे तुंबून वर चढलेल्या पाण्यामुळेच, आपण बुडालो. नंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने मुख्य दोष अलमट्टीवर टाकला नाही, पण लोकांचा वाद अजून मिटलेला नाही. तिसऱ्या फेरीनंतर हे सांगितलं की पोरांना पटकन लागतं.

मराठवाड्यातल्या शाळांनी जायकवाडी घ्यावं. एकाच राज्यात, एकाच गोदावरीवर, वर नाशिक-नगर आणि खाली पैठण, जायकवाडी भरलं नाही की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं आणि दर दोन-चार वर्षांनी त्यावरून कोर्ट-आंदोलनं. हे घेतलं की भांडण फक्त 'परक्या' राज्याशीच होतं हा समज जातो.

सहकार्याची उदाहरणं दिली की वर्ग झोपतो. काय करायचं?

खरं आहे. भांडणाला गोष्ट असते, समझोत्याला मिटिंग असते. माझ्यापुरता उपाय म्हणजे फड पद्धत सांगायची आणि चित्र काढून सांगायची.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकं जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाची बागायत जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, त्याला फड म्हणतात. एका फडात त्या हंगामाला एकच पीक. आता डोकं इथे आहे की शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी आलं की एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांचा थोडा थोडा, कुणा एकाचं मरण नाही. पाणी कुणाला कधी हे पाटकरी बघणार, राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि यांना मोबदला शेतकरीच देणार.

हे सांगितलं की मी परत चिंचोके काढते आणि म्हणते की बेंच बदला, आता प्रत्येक गावाचा एकेक माणूस प्रत्येक बेंचवर बसेल. पाच मिनिटांत फरक दिसतो. पहिल्या बेंचवर ऊस लावायला कुणीच तयार होत नाही कारण शेवटच्या बेंचवर आपलंच माणूस बसलंय.

याशिवाय हिवरे बाजार घ्या, गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं, किती पाऊस पडला त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. सिंधुदुर्गातलं तिलारी धरणही चांगलं, धरण महाराष्ट्रात आणि मोठा वाटा गोव्याचा, दोन राज्यांनी मिळून बांधलेलं.

सिंधू कराराचा विषय काढला की वर्गात घोषणा सुरू होतात, कसं सांभाळायचं?

सांभाळायचं म्हणजे दाबायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला, पोरांनी टीव्हीवर सगळं पाहिलंय, राग येणारच, तो आपल्यालाही आला.

मी आधी घटनाक्रम फळ्यावर मांडते. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सही केली, जागतिक बँक मध्यस्थ. पूर्वेकडच्या रावी, बियास, सतलज भारताला, पश्चिमेकडच्या सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. १९६५, १९७१, १९९९ च्या लढाया झाल्या तरी करार टिकला. मग पहलगामनंतर भारताने तो स्थगित ठेवला.

मग "पाणी बंद करा" असं कुणी म्हटलं की मी भूगोलाचा प्रश्न विचारते, बंद करून ठेवणार कुठे? नकाशा बघा. डोंगराळ अरुंद दऱ्या, पश्चिमेच्या नद्यांवर आपले जे प्रकल्प आहेत ते बहुतेक वाहत्या पाण्यावर वीज करणारे, मोठा साठा करणारे नाहीत, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात बर्फ वितळून आणि पाऊस पडून जे पाणी येतं ते अफाट. नळ फिरवला आणि बंद झाला असं नदीचं नसतं. साठा करायचा तर धरणं, कालवे, बोगदे, आणि त्याला वर्षानुवर्षं. यात मी कुणाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलले नाही, पण वर्ग घोषणेवरून नकाशावर येतो. मला तेवढंच हवं असतं.

आमची शाळा मुंबईत आहे, पोरांना नदी म्हणजे मिठी एवढीच माहीत. मग?

मग तर फारच सोपं. नळ सोडा आणि विचारा हे कुठून आलं. तानसा, वैतरणा, भातसा. मग शहापूर तालुका नकाशात शोधायला लावा, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. इथे फार बोलायची गरज पडत नाही. गोव्यातल्या शिक्षकांनी म्हादई घ्यावी, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम, गोव्यात येऊन मांडवी होते, २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. परदेशातल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी आपापल्या दाराशी जी नदी किंवा सामुद्रधुनी असेल ती घ्यावी, दुबईच्या पोरांना होर्मुझ सोडून कृष्णा कशाला सांगायची.

फक्त पाणीच का? डोंगर, खिंडी, समुद्र?

घ्या ना. इतिहासाच्या तासाला जोडून घेतलं तर वेळही वाचतो. उंबरखिंड, २ फेब्रुवारी १६६१. मुघल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याकडून घाट उतरून कोकणात निघाला. वाट अरुंद, दोन्हीकडे दाट झाडी, तोफा-सामान घेऊन माणसं एकामागे एक. शिवाजी महाराजांची माणसं कमी होती पण वर होती आणि दोन्ही तोंडं अडवलेली. खानाला सगळं सामान टाकून जीव घेऊन परत जावं लागलं. पोरांना मी वर्गाच्या दारातून एका वेळी सगळ्यांना बाहेर जायला सांगते, मग कळतं खिंड काय असते. (शेजारच्या वर्गाची तक्रार येते.)

पण लगेच दुसऱ्या दिवशी नाणेघाट सांगते. तोही घाटच, तोही अरुंद, पण सातवाहनांच्या काळात जुन्नरपासून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे व्यापाराची वाट, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. घाट अडवता येतो तसाच जोडताही येतो.

समुद्राचं उदाहरण सुएझ. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं एकच जहाज आडवं अडकलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला, पोरांना मीम आठवतात. मग १९५६ कडे जा, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालवा राष्ट्रीय मालकीचा केला आणि ब्रिटन, फ्रान्स, इस्राएल चालून गेले.

भूगोलच सगळं ठरवतो असं पोरांच्या डोक्यात बसणार नाही का?

बसतं, आणि ही माझी सगळ्यात मोठी भीती आहे. उत्तरपत्रिकेत "डोंगर असल्यामुळे भांडण झाले" असं वाक्य आलं की मला माझंच शिकवणं चुकल्यासारखं वाटतं.

यावर कोयना. कोयना सह्याद्रीच्या पूर्व बाजूची, कृष्णेला मिळणारी, म्हणजे तिचं पाणी निसर्गाने पूर्वेला पाठवलेलं. माणसाने डोंगरात बोगदा खणला, पाणी पश्चिमेला पाडलं, वीज केली, कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. वीज करून झाल्यावर ते पाणी चिपळूणजवळ वाशिष्ठीत जातं. म्हणजे पश्चिमेला तो कडा होता म्हणून वीज झाली, पण वीज करायची की ते पाणी पूर्वेच्या दुष्काळी भागाला द्यायचं हे कड्याने ठरवलं नाही. लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यालाही मर्यादा घातली, ६७.५ टीएमसी. आमच्या वर्गात यावर वाद घातला तर पोरं दोन गटांत विभागली गेली, आणि वीजवाल्या गटात ज्याच्या घरी लाईट सारखी जाते तोच पुढे होता.

सीमाप्रश्न, जतची गावं, असले विषय वर्गात काढावेत का?

सांगली जिल्ह्यातलं जत काढावं. २०१२ मध्ये तिथल्या काही गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जायचे ठराव केले आणि २०२२ च्या शेवटी ते परत बातम्यांत आलं. इथे राज्य एकीकडे ओढतं आणि पाणी दुसरीकडे, याहून चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. बेळगावचा प्रश्न मात्र मी फक्त माहितीपुरता सांगते, सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. सीमेजवळच्या शाळेत असाल तर तुमचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पालकांनी आक्षेप घेतला तर?

माझ्याकडे आले होते. एका मुलाचे वडील ऊस बागायतदार, पोराने घरी जाऊन सांगितलं की बाई म्हणतात ऊसवाले पाणी चोरतात. मी तसं म्हटलं नव्हतं पण खेळ तसाच बनवला होता हे खरं, २० चिंचोक्यांचा ऊस म्हणजे खलनायकच झाला. त्यांना मी वर्गात बोलवलं. ते म्हणाले, "बाई, ज्वारीला भाव काय मिळतो ते पण सांगा की. उसाला कारखाना आहे, दर ठरलेला आहे, पाऊस-पाखरांचं भ्या कमी आहे, मग माणूस काय लावंल?" पोरं त्या दिवशी जे शिकली ते मी चार तासांत शिकवलं नसतं. तेव्हापासून माझ्या खेळात पिकाला पैसेही असतात.

नकाशे कुठले वापरायचे?

भारताचे नकाशे सर्वेक्षण विभागाचे, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचेच. नेटवरून कुठलाही उचलू नका, काश्मीरची सीमा वेगवेगळी दाखवलेली असते आणि चुकीचा नकाशा छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

परीक्षेत काय विचारायचं? मार्क कसे द्यायचे?

"कृष्णा खोऱ्यातील राज्यांची नावे लिहा" हे विचारू नका असं नाही, पण दोन मार्कांपुरतं. बाकीसाठी मी एक काल्पनिक नकाशा देते, नदी, तीन गावं, एक डोंगर, आणि म्हणते तू शेवटच्या गावाचा सरपंच आहेस, वरच्या सरपंचाला पत्र लिही. ज्या पत्रात वरच्याची अडचण पण आली असेल त्याला पूर्ण मार्क. एका पोराने लिहिलं होतं, "तुमच्या गावाला पूर येतो तेव्हा आमच्या शाळेत राहायला या, आणि उन्हाळ्यात आम्हाला दोन दिवस जास्त पाणी सोडा." व्याकरणाच्या सात चुका होत्या. दहापैकी दहा दिले.

एकूण तास किती लागतात?

पाच. चार म्हणून सुरू करता, सहा होतात.

चिंचोके नसतील तर?

हरभरे चालतात, खडे चालतात. फक्त शेंगदाणे आणू नका, तिसऱ्या फेरीपर्यंत नदी आटलेली असते.